दोन रेल्वे एक झाल्यावर रुळांवर हक्क कोणाचा?

जुलै 2025 मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या अमेरिकेतील दोन बलाढ्य रेल्वे कंपन्यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. व्यवहाराची किंमत सुमारे 85 अब्ज डॉलर. त्यातून उभे राहणारे जाळे 43 राज्यांत पसरलेले, 50 हजार मैलांहून अधिक लांबीचे आणि प्रशांत महासागरापासून अटलांटिकपर्यंत एकाच मालकीचे असेल. अमेरिकेत असे जाळे आजवर कधीच नव्हते. 1869 साली युटामधील प्रोमॉन्टरी येथे सोन्याचा खिळा ठोकला गेला आणि देश रुळांनी जोडला गेला असे म्हटले जाते. परंतु तो नवा मार्ग ओमाहा आणि सॅक्रामेंटो यांच्यामधला होता, आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील मोठ्या रेल्वे कंपन्या त्यानंतरही दीड शतक वेगळ्याच राहिल्या. एवढ्या मोठ्या निर्णयावरची चर्चा तेवढ्याच तोलाची व्हायला हवी होती. प्रत्यक्षात विरोधक ‘पेन सेंट्रल’ या विलीनीकरणानंतर बुडालेल्या रेल्वेचे नाव उच्चारून थांबतात आणि समर्थक रेल्वेंवरचे सरकारी नियंत्रण सैल करणाऱ्या 1980 च्या स्टॅगर्स कायद्याकडे बोट दाखवून थांबतात. दोघेही इतिहासाचा दाखला देतात, आणि दोघांनीही तो इतिहास आपल्याला हवा तिथेच मिटून ठेवलेला आहे.

माझे मत असे की हे विलीनीकरण सध्याच्या स्वरूपात मंजूर होऊ नये. मात्र एकत्र आलेल्या रेल्वे कंपन्या बुडतात, हे त्याचे कारण नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कारण वेगळे आहे. अमेरिकेतील मोठ्या विलीनीकरणांत नव्या कंपनीचे हक्क पहिल्याच दिवशी कागदावर पक्के झाले, आणि तिच्या रुळांवर इतरांचा हक्क किती, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा संकट कोसळेपर्यंत अर्धवट सोडला गेला. हे इतर म्हणजे प्रतिस्पर्धी कंपन्या, दुसरा मार्ग नसलेले शेतकरी आणि कारखानदार, आणि प्रवासी. त्या दिरंगाईची किंमत दरवेळी भागधारकांपेक्षा जनतेनेच अधिक मोजली आहे.

भारतातील वाचकाने येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे रूळ, इंजिने, वाघिणी आणि स्थानके ही जवळजवळ सारी सरकारच्या मालकीची. मालगाडी लूप लाइनवर उभी करून एक्स्प्रेस पुढे काढायची की नाही, हा एकाच यंत्रणेच्या आतला निर्णय असतो. अमेरिकेत बहुतेक लोहमार्ग खासगी मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे आहेत. ॲमट्रॅक ही 1971 पासून चालणारी, सरकारी पाठबळावरची प्रवासी संस्था. बोस्टन ते वॉशिंग्टन या ईशान्य पट्ट्याचा बहुतांश भाग आणि आणखी काही तुकडे सोडले तर तिच्या गाड्या परक्या रुळांवरून धावतात. त्यामुळे दोन मालवाहू कंपन्यांचे विलीनीकरण हा तेथे आपोआपच प्रवाशांचाही प्रश्न होतो, मग करारात प्रवाशांचा उल्लेख असो वा नसो.

आता पेन सेंट्रलकडे वळू. पेनसिल्व्हेनिया रेलरोड 1846 साली स्थापन झाली आणि शंभराहून अधिक वर्षे तिने लाभांश एकदाही चुकवला नाही. न्यूयॉर्क सेंट्रल ही तिची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिस्पर्धी. दोघींचा मुख्य धंदा न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यामधला होता. एकीचा मार्ग हडसन आणि मोहॉक नद्यांच्या काठाने सपाटीवरून जाई, तर दुसरीचा अल्टूनाजवळच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून ॲलेगेनी पर्वत चढे. 1957 मध्ये दोघींची बोलणी सुरू झाली, 1966 मध्ये रेल्वेंवर तेव्हा नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने मंजुरी दिली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1968 मध्ये मार्ग मोकळा केला आणि 1 फेब्रुवारी 1968 रोजी पेन सेंट्रलचा जन्म झाला. दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जन्मलेल्या या कंपनीने 21 जून 1970 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवरची ती देशातील सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

त्या अडीच वर्षांत रुळांवर जे घडले ते विरोधक सांगतात तितकेच वाईट होते. दोन कंपन्यांच्या संगणक यंत्रणा एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाघिणी एका यार्डात आणि त्यांची कागदपत्रे दुसऱ्यात, अशी अवस्था झाली; भरलेल्या गाड्या कुठे आहेत हे कंपनीलाच सांगता येईना. अध्यक्षपदावरचे स्टुअर्ट सॉन्डर्स आणि कारभार पाहणारे आल्फ्रेड पर्लमन यांचे आपसांत पटत नव्हते, आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारीही आपापल्या जुन्या कंपनीच्या गोटात वाटले गेले होते. 1969-70 च्या हिवाळ्यात मेन राज्यातील शेतकऱ्यांचा बटाटा पेन सेंट्रलच्या कोंडलेल्या यार्डांमध्ये अडकून नासला. पुढच्या हंगामात त्यांनी ट्रक धरले. बँगर अँड अरूस्टुक या छोट्या रेल्वेचा मुख्य आधार त्या एका हिवाळ्यात गेला आणि तो पुन्हा परतला नाही. ही रेल्वे विलीनीकरणात सहभागी नव्हती, तिने कोणतीही चूक केली नव्हती, आणि मंजुरीच्या वेळी तिच्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडला नव्हता. पेन सेंट्रलच्या साऱ्या कहाणीत मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आजच्या चर्चेत तो जवळजवळ ऐकू येत नाही.

परंतु या कंपनीला विलीनीकरणाने मारले काय? तसे असते तर जे वेगळे राहिले ते वाचायला हवे होते. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी पेन सेंट्रलचा जन्म होण्याआधीच, 1967 मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. बोस्टन अँड मेन 1970 मध्ये गेली, रेडिंग 1971 मध्ये, एरी लॅकवाना 1972 मध्ये. ईशान्य अमेरिकेतील रेल्वेचा पायाच खचला होता. 1956 च्या कायद्याने सार्वजनिक पैशातून महामार्ग बांधायला घेतले, 1959 मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्गाने महासागरी जहाजे थेट पंचमहासरोवरांपर्यंत आणली, कारखाने दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकू लागले, आणि तरीही दर वाढवायचा किंवा तोट्याचा फाटा बंद करायचा तर आयोगाची परवानगी मिळेपर्यंत वर्षे जात. 1967 मध्ये टपाल खात्याने प्रवासी गाड्यांमधून टपाल काढून घेतले आणि त्या गाड्यांचा उरलासुरला आर्थिक आधारही गेला. वर आयोगाने मंजुरीसोबत दिवाळखोर न्यू हेवन रेल्वे गळ्यात घातली, आणि 1964 च्या कामगार करारामुळे कर्मचारी कमी करून पैसे वाचवण्याची जी मुख्य आशा होती तीच आवळली गेली. अशा ओझ्याखाली कोणती कंपनी तगली असती?

आणि ज्यांना पेन सेंट्रलचा दाखला पुरेसा वाटतो त्यांनी ती बुडाली त्याच वर्षीच्या दुसऱ्या विलीनीकरणाचे काय करायचे ते सांगावे. ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक आणि बर्लिंग्टन या कंपन्या एका छत्राखाली आणण्याचा जेम्स हिल आणि जे. पी. मॉर्गन यांचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने 1904 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली मोडून काढला होता. त्याच कंपन्या मार्च 1970 मध्ये, पेन सेंट्रल कोसळण्याच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, बर्लिंग्टन नॉर्दर्न या नावाने रीतसर एक झाल्या. समांतर मार्ग एकत्र केले की घात होतो, हा नियम असता तर हीही कंपनी बुडायला हवी होती, कारण ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिक याही सिअ‍ॅटलच्या दिशेने शेजारून धावणाऱ्या प्रतिस्पर्धीच होत्या. ती बुडाली नाही. तिच्याकडे लांब पल्ल्याची वाहतूक होती, उपनगरी प्रवाशांचे ओझे फारसे नव्हते, आणि वायोमिंगमधील पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळसा थोड्याच काळात तिच्या वाघिणींत भरू लागला. कंपनी म्हणून ती यशस्वी ठरली यात वाद नाही.

मात्र येथेच समर्थकांनीही थांबून पाहायला हवे. कंपनीचे यश आणि तिच्यावर विसंबलेल्यांचे हित या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरून ते पुढे जातात. मोंटानामधील गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना विचारा. दोन समांतर कंपन्यांची एक झाल्यावर बंदरापर्यंत धान्य नेणारी दुसरी रेल्वे त्यांना जवळपास उरलीच नाही. दर अवाजवी आहेत अशी तक्रार त्यांनी मॅकार्टी फार्म्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात 1980 मध्ये नेली. निकाल 1997 मध्ये लागला आणि तो रेल्वेच्या बाजूने लागला. सतरा वर्षे चालणाऱ्या दाव्याला शेतकऱ्यासाठी संरक्षण म्हणायचे तर त्यासाठी मोठेच धाडस लागेल. विलीनीकरणाची मंजुरी एका तारखेला मिळते; तिच्या परिणामांविरुद्धची दाद मात्र एका पिढीला पुरते.

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आता मान्य करून टाकतो. पेन सेंट्रलच्या आणि तिच्या दिवाळखोर शेजाऱ्यांच्या अवशेषांतून सरकारने 1 एप्रिल 1976 रोजी कॉनरेल उभी केली आणि तिच्यात सुमारे सात अब्ज डॉलर ओतले. पहिली काही वर्षे ती तोट्यातच चालली. ऑक्टोबर 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर सही केली. रेल्वेंना दर ठरवण्याचे, ग्राहकांशी गुप्त करार करण्याचे आणि तोट्याचे मार्ग सोडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. 1981 मध्ये कॉनरेल प्रथमच नफ्यात आली, आणि 1987 मध्ये सरकारने तिचे शेअर विकून दीड अब्जांहून अधिक डॉलर परत मिळवले. महागाई वजा करता मालवाहतुकीचे दर त्या कायद्यानंतर 40 टक्क्यांहून अधिक उतरले, रुळांत पुन्हा भांडवल आले आणि अपघात घटले. जुने नियंत्रण जसेच्या तसे परत आणा, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ वाचलेलाच नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

परंतु या यशाचे श्रेय विलीनीकरणाला देता येते का? दर ज्या वर्षांत सर्वाधिक वेगाने उतरले त्या वर्षांच्या आरंभी देशात पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, सुमारे 40 रेल्वे होत्या. आज त्या सहा आहेत. 1995 मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न आणि सांता फे एक होऊन बीएनएसएफ झाली, 1996 मध्ये युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली, 1999 मध्ये नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांनी कॉनरेल वाटून घेतली. पश्चिमेत दोन आणि पूर्वेत दोन, अशी मांडणी पक्की झाली, आणि 2004 च्या सुमारास दरांची घसरण थांबून ते पुन्हा चढू लागले. इंधन, मागणी, महामार्गावरची गर्दी, अशी त्याची इतर कारणेही होती हे मान्य. तरीही दर उतरवले ते स्वातंत्र्य आणि स्पर्धा यांच्या जोडीने. त्या जोडीतील एकीला वजा करून उरलेलीचे गोडवे गाणे हा युक्तिवादातला दोष आहे, आणि तो आजच्या जवळजवळ प्रत्येक समर्थक लेखात सापडतो.

दुसरा मुद्दाही तितकाच गंभीरपणे घ्यायला हवा. आज लॉस एंजेलिसहून निघालेला कंटेनर ॲटलांटाला किंवा पेनसिल्व्हेनियाला जायचा असेल तर तो शिकागो, मेम्फिस किंवा न्यू ऑर्लिन्स येथे एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवला जातो. या हस्तांतरात एखादा दिवस, कधी दोन दिवस जातात. शिकागोत तर अनेक कंटेनर एका यार्डातून उतरवून, ट्रकवर घालून, शहराच्या रस्त्यांवरून दुसऱ्या यार्डात नेले जातात. त्यामुळे मिसिसिपीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातला बराच माल रेल्वेकडे येतच नाही. तो ट्रकने जातो. एकच कंपनी असेल तर हा अडथळा दूर होईल, लाखो ट्रकफेऱ्या महामार्गांवरून हटतील, धूर कमी होईल, हा दावा खोटा नाही. शिवाय या दोन कंपन्यांचे मार्ग एकमेकांना समांतर नसून टोकाला टोक जोडणारे आहेत, त्यामुळे दोनाची एक रेल्वे उरणारी ठिकाणे थोडीच आहेत, हेही खरे.

मग आक्षेप कशाला? पहिला आक्षेप असा की हा लाभ मिळवण्यासाठी मालकी एक करावी लागते, हे सिद्ध झालेले नाही. इंजिन न बदलता दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर थेट पुढे जाणाऱ्या गाड्या अमेरिकेत अनेक दशके चालत आल्या आहेत. विलीनीकरण जाहीर झाल्यानंतर महिनाभरातच, ऑगस्ट 2025 मध्ये, बीएनएसएफ आणि सीएसएक्स या उरलेल्या दोन कंपन्यांनी पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांना जोडणाऱ्या कंटेनर सेवा परस्परांतील कराराने जाहीर केल्या. मालकी वेगळी राहूनही जर हे शक्य असेल, तर इतकी वर्षे युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी ते पुरेशा प्रमाणात का केले नाही, हा प्रश्न अर्जदारांना विचारायला हवा.

दुसरा आक्षेप टोकाला टोक जोडण्याच्या युक्तिवादावर आहे. मार्ग समांतर नाहीत म्हणून स्पर्धा कमी होत नाही, हे ऐकायला पटते. पण रेल्वेच्या व्यवहारात अडवणूक होते ती मार्गाच्या अरुंद गळ्यापाशी. अलाबामातील एखाद्या कारखान्याला फक्त नॉरफोक सदर्नचा रूळ जोडलेला आहे असे समजा. आज पश्चिमेकडे माल पाठवताना नॉरफोक सदर्नला तो युनियन पॅसिफिककडे सोपवला काय किंवा बीएनएसएफकडे सोपवला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून त्या दोघींमध्ये त्या मालासाठी चढाओढ होते आणि कारखान्याला तिचा फायदा मिळतो. विलीनीकरणानंतर तोच माल बीएनएसएफच्या हाती देण्यात नव्या कंपनीचे नुकसान असेल. जुन्या आयोगाच्या जागी आलेल्या आणि आता विलीनीकरणांना मंजुरी देणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने 1996 च्या अखेरीस दिलेल्या निर्णयांनुसार, जी रेल्वे संपूर्ण मार्गावर स्वतः माल नेऊ शकते तिला केवळ त्या अरुंद तुकड्यापुरता वेगळा दर सांगण्याची सक्ती सर्वसाधारणपणे करता येत नाही. म्हणजे कागदावर बीएनएसएफचा पर्याय उरतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्या कंपनीच्या मर्जीवर राहते. ‘हस्तांतराची ठिकाणे खुली ठेवू’ असे आश्वासन अशा वेळी दिले जाते. कोणत्या दराने, किती वेळात आणि किती वर्षांसाठी, हे आकड्यांत लिहिलेले नसेल तर त्या आश्वासनावर कारखाना चालवता येत नाही.

सेवा कोलमडण्याचा धोका हा तिसरा. त्याबद्दल बोलताना पेन सेंट्रलपर्यंत मागे जाण्याचीही गरज नाही. युनियन पॅसिफिकने सप्टेंबर 1996 मध्ये सदर्न पॅसिफिक ताब्यात घेतली, आणि 1997 च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनची यार्डे अशी तुंबली की कोंडी टेक्सासबाहेर पसरत कॅलिफोर्नियापर्यंत गेली. आखाताच्या किनाऱ्यावरचे रसायन कारखाने वाघिणींअभावी अडले. 31 ऑक्टोबर 1997 रोजी बोर्डाला आणीबाणीचा आदेश काढावा लागला. 1999 मध्ये कॉनरेलची वाटणी झाली तेव्हा नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोघींच्याही यार्डांत महिनोन्‌महिने गोंधळ माजला. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न 2023 मध्ये एक झाल्या. हे तर निखळ टोकाला टोक जोडणारे आणि आजवर सर्वांत काळजीपूर्वक आखलेले विलीनीकरण. तरीही मे 2025 मध्ये दक्षिणेकडील मार्गांवर संगणक यंत्रणा बदलताना गाड्या खोळंबल्याच. सध्याच्या प्रस्तावातील दोन्ही कंपन्यांनी अशा कोंडीचा अनुभव स्वतः घेतलेला आहे, त्यामुळे त्या अधिक सावध राहतील, असे म्हणता येईल. आणि मी ते मान्यही करतो. पण याच कंपन्यांनी गेल्या दशकात खर्चकपातीच्या नावाखाली माणसे आणि इंजिने कमी केली. 2022 मध्ये बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी दाखवून दिले की मोठ्या रेल्वेंनी सहा वर्षांत 45 हजार माणसे, म्हणजे मनुष्यबळाच्या सुमारे 29 टक्के, कमी केली होती. अडचणीच्या दिवशी गाडी सोडायला जास्तीचा चालकवर्गच नसेल, तर सावधपणा कोणाच्या हाताने अमलात येणार?

आता प्रवाशांकडे येतो, कारण या चर्चेत सर्वांत मोठी शांतता त्यांच्याविषयी आहे. पेन सेंट्रलच्या मंजुरीच्या वेळीही तीच होती. मार्च 1970 मध्ये त्या कंपनीने बफेलो आणि हॅरिसबर्गच्या पश्चिमेकडील आपल्या सर्व 34 लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या बंद करण्याची परवानगी मागितली. त्या धक्क्यातून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲमट्रॅकचा कायदा झाला, आणि 1 मे 1971 रोजी ॲमट्रॅक सुरू झाली तेव्हा देशातील उरलेल्या आंतरशहरी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या एका रात्रीत बंद पडल्या. प्रवासीच उरले नव्हते, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर पुरते खरे नाही. जानेवारी 1969 मध्ये, पेन सेंट्रलच्या सर्वांत वाईट दिवसांत, न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन मेट्रोलायनर ही वेगवान गाडी सुरू झाली आणि तिने प्रवासी परत खेचून आणले. पुढे 1976 मध्ये तो पट्टा ॲमट्रॅकच्या मालकीचा झाला, 1983 पासून ईशान्येकडील उपनगरी गाड्या राज्यांच्या संस्थांनी चालवायला घेतल्या, आणि आज तेथील गाड्या भरून जातात. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात राहणारी जी मराठी माणसे मेट्रोपार्कहून रोज न्यूयॉर्कला कामाला जातात ती पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या जुन्या मार्गावरूनच जातात. तो मार्ग सार्वजनिक झाला म्हणून ते शक्य आहे. त्याच पेन सेंट्रलच्या दुसऱ्या मार्गावर असलेले ओहायोची राजधानी कोलंबस हे शहर मात्र 1979 मध्ये शेवटची गाडी गेल्यापासून प्रवासी रेल्वेविना आहे. लोकसंख्या वाढली, विद्यापीठ वाढले, उद्योग आले. गाडी परत आली नाही. एकदा रुळांची क्षमता मालगाड्यांच्या सोयीने बेतली गेली की प्रवासी गाडीला पुन्हा जागा मिळवण्यासाठी प्रत्येक सिग्नलची आणि प्रत्येक लूप लाइनची किंमत सरकारला मोजावी लागते. पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दिवसाला एकाऐवजी दोन गाड्या चालाव्यात एवढ्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्याला नॉरफोक सदर्नच्या मार्गावरील सुधारणांसाठी सार्वजनिक पैसा देण्याचा करार करावा लागला, तोही अगदी अलीकडे, 2023 मध्ये.

प्रवासी गाडीला मालगाडीआधी वाट द्यावी, असा अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे. तो मोडला गेला तर दावा लावण्याचा अधिकार ॲमट्रॅकला नाही. फक्त न्याय खात्याला आहे, आणि त्या खात्याने आजवर हा अधिकार जेमतेम दोनदा वापरला. पहिला दावा 1979 चा, सनसेट लिमिटेड या गाडीवरून, सदर्न पॅसिफिकविरुद्ध. ही सदर्न पॅसिफिक आज युनियन पॅसिफिकचा भाग आहे, आणि त्याच सनसेट लिमिटेडच्या विलंबाची चौकशी बोर्डाने 2023 मध्ये युनियन पॅसिफिकच्या संदर्भात सुरू केली. दुसरा दावा 2024 चा, न्यूयॉर्क ते न्यू ऑर्लिन्स धावणाऱ्या क्रेसेंटवरून, नॉरफोक सदर्नविरुद्ध. म्हणजे पन्नास वर्षांत ज्या दोन मार्गांबाबत सरकारला न्यायालयात जावेसे वाटले, त्या दोन्ही मार्गांचे आजचे मालक एक होऊ पाहत आहेत. एखाद्या मंजुरीपूर्वी प्रवासी प्रश्न ऐरणीवर यायला यापेक्षा सबळ निमित्त काय हवे? क्रेसेंट न्यू ऑर्लिन्सला पोहोचते आणि सनसेट लिमिटेड तिथूनच लॉस एंजेलिसला निघते. एकत्रित कंपनी व्हर्जिनियापासून कॅलिफोर्नियापर्यंत या प्रवासाच्या बहुतांश रुळांची धनी होईल. विलंबाचे एक कारण अगदी साधे आणि मोजता येण्यासारखे आहे. गेल्या काही वर्षांत मालगाड्या इतक्या लांब झाल्या की त्या अनेक ठिकाणच्या लूप लाइनमध्ये मावतच नाहीत. एकेरी मार्गावर अशी गाडी समोरून आली की बाजूला होऊन थांबावे लागते ते प्रवासी गाडीलाच, कायदा काहीही म्हणो.

कामगारांच्या प्रश्नावर मी थोडक्यातच बोलतो. युनियन पॅसिफिकने सध्याच्या संघटित कामगारांना नोकरीची हमी दिली आहे, एका मोठ्या संघटनेने त्या बळावर पाठिंबाही दिला आहे आणि इतर काहींनी विरोध केला आहे. आज कामावर असलेल्या माणसाला मिळणारी हमी मोलाची आहे. पण ती व्यक्तीला मिळते, पदाला नाही. तो माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोणी येईल की नाही, यावर ती काहीच सांगत नाही.

हे सर्व मुद्दे मांडल्यावरही कोणी म्हणेल की अटी घालून परवानगी द्यावी आणि पुढे काय होते ते पाहावे. येथे परतीच्या वाटेचा विचार करावा लागतो. बँकेचे किंवा दुकानांच्या साखळीचे विलीनीकरण फसले तर ते विकता येते, वेगळे करता येते. रेल्वेचे तसे होत नाही. शेजारचा जादा रूळ उखडला जातो, यार्ड विकून तिथे गोदामे उभी राहतात, माणसे निघून जातात. पेन सेंट्रलची गाठ सोडवायला सहा वर्षे, अमेरिकी काँग्रेसचे दोन कायदे आणि अब्जावधी डॉलर लागले, आणि तेव्हा देशात पर्यायी कंपन्या तरी शिल्लक होत्या. शिवाय हा व्यवहार मंजूर झाला तर बीएनएसएफ आणि सीएसएक्स वेगळ्या राहतील, असे कोणीही जाणकार ठामपणे सांगू शकणार नाही. दोन राष्ट्रव्यापी कंपन्या उरल्यावर त्यांतील एक कोसळली तर तिला कोण सावरणार, याचे उत्तर 1970 मध्येही सरकार हेच होते.

बोर्डाकडे या प्रश्नांची दखल घेण्याचे अधिकार आहेत. बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनल यांनी 1999 मध्ये एकत्र येण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा बोर्डाने सर्व मोठी विलीनीकरणे 15 महिन्यांसाठी थांबवली आणि जून 2001 मध्ये नवे नियम केले: विलीनीकरणाने स्पर्धा नुसती टिकून भागणार नाही, ती वाढली पाहिजे; त्यामागून येऊ शकणाऱ्या पुढच्या विलीनीकरणांचाही विचार झाला पाहिजे. कॅन्सस सिटी सदर्नला या नियमांतून सूट होती, म्हणून 2023 चे विलीनीकरण जुन्याच नियमांखाली झाले, त्यामुळे या नियमांची खरी कसोटी आजवर लागलेली नाही. ‘स्पर्धा वाढली पाहिजे’ या शब्दांना काही अर्थ असेल तर एकाच रेल्वेवर अवलंबून असलेल्या कारखान्याला आणि धान्याच्या कोठाराला जवळच्या हस्तांतर स्थानकापर्यंतचा स्वतंत्र, जाहीर दर मिळाला पाहिजे, आणि त्या दरावरचा वाद वर्षांत नव्हे, महिन्यांत निकाली निघाला पाहिजे. संगणक यंत्रणा टप्प्याटप्प्याने, एकेका विभागात, आणि आधीच्या विभागातील वाघिणींचा थांबण्याचा वेळ पूर्ववत झाल्याचे बोर्डाने तपासल्यावरच पुढे नेली पाहिजे. शेजारच्या छोट्या रेल्वेंचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची तरतूद आधीच बाजूला काढलेल्या निधीतून व्हायला हवी. प्रवासी गाड्यांबाबत अट याहूनही नेमकी असावी: क्रेसेंट आणि सनसेट लिमिटेड यांच्या मार्गांवर, जिथे आजच्या मालगाड्या लूप लाइनमध्ये मावत नाहीत, तिथे कंपनीने स्वखर्चाने त्या लूप वाढवाव्यात किंवा ते होईपर्यंत मालगाड्यांची लांबी त्या लूपएवढी ठेवावी, आणि वाट अडवल्यास दाद मागण्याचा हक्क ॲमट्रॅकला करारानेच द्यावा. या अटी लिहून देण्याची अर्जदारांची तयारी असेल तर मी माझा विरोध मागे घेईन. ती नसेल, तर बोर्डाने हा अर्ज नाकारावा.